नळ बंद करणारी

जिन्याच्या दाराला आतून कडी लावलेली होती आणि ती बाहेर गच्चीवर होती. मे महिन्यातली दुपार. पाण्याच्या टाकीची जेवढी सावली पडली होती तेवढ्यात ती पाय पोटाशी घेऊन बसली होती. डोक्यावर पदर, पदरावर टॉवेल. मी माझ्या गच्चीवर कुरडया उलटायला गेले होते. दोन घरांच्या मधल्या भिंतीवरून सहज पाहिलं आणि ओरडलेच, "अगं बाई, तुला कोणी बसवलं इथं?"

तिनं उजवा हात वर केला आणि हवेत मूठ फिरवली. नळ बंद करावा तशी.

ही तिची खूण होती. कोणी फार बोललं, कोणी खोटं बोललं, पूजेला आलेल्या गुरुजींनी पोथी लांबवली, की ती तोंडानं काही न बोलता मूठ फिरवायची. बंद कर. आमच्या गल्लीतली लहान लेकरंसुद्धा ती खूण ओळखत होती.

मी गप्प झाले. ती हळूच म्हणाली, "खाली पार्टी आलीय, अक्का. घर बघतेत. मी दिसले नाय पाहिजे."

ज्या घराच्या भिंतींना तिनं स्वतः पाणी मारलं, त्या घरात ती दिसायला नको होती. मी चौथी शिकलेली बाई. राग आला की मला गोड लिहिता येत नाही. जसं झालं तसं सांगते.

आमची जोडघरं. मधली भिंत एक, खाली आणि वरही. दोघींचे नवरे वाळूजला एकाच कंपनीत, एकाच बसनं जाणारे. घरं बांधत होतो तेव्हा माणसं पाळीवर जायची आणि भिंती भिजवायचं काम आम्हा बायकांवर. ती हंड्यानं पाणी आणून भिंतीवर मारायची. एक हंडा तिच्या भिंतीला, एक माझ्या. मी म्हणायची, माझ्या भिंतीचं मी बघते. ती म्हणायची, "भिंत एकच हाय. अर्धी भिजली तर अर्धी पडंल."

वयानं मोठी कोण, यावर आमचं कायम भांडण. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी पाळण्यात होते, एवढं मला आईनं सांगितलेलं. ती म्हणायची, मी त्याच्यानंतरची, म्हणून तू अक्का. दिसायला मात्र तीच मोठी दिसायची, आणि वागायलाही.

या शहरात राहणाऱ्यांना पाण्याचं सांगायला नको. बाहेरच्यांना सांगते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. गल्लीगल्लीचा दिवस ठरलेला असतो आणि तो आठवड्यातून एकदा आला तरी नशीब. त्या दिवशी आमच्याकडे पाहुणे येत नाहीत. आले तर त्यांच्याही हातात बादली देतात. घरातली सगळी भांडी भरायची, टिपाडं भरायची, टाकी भरायची, आणि मग पुढच्या दिवसापर्यंत ते पुरवायचं. हे सगळेच करतात. पण तिच्या अंगात ते मुरलं होतं. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी शेवग्याला. आंघोळ पाटावर बसून घंगाळात, आणि ते पाणी फरशीला.

वाहता नळ तिला बघवायचा नाही. तो कोणाचा आहे हा विचार ती करत नसे. एकदा आम्ही दोघी एका लग्नाला गेलो होतो. जेवणं झाल्यावर हात धुवायच्या जागी वधूचा बाप कोपरापर्यंत साबण लावून उभा होता आणि समोर नळ धो धो चालू. ही गेली आणि नळ बंद केला.  ही म्हणाली, "साबण लावताना पाणी कशाला? लावून झालं की सांगा, मी सोडते." आणि खरंच तिथं उभी राहिली. त्यानं घाईघाईनं साबण चोळला आणि म्हणाला, सोडा मावशी.

आणखी एकदा निवडणुकीला उभा राहिलेला एक जण आमच्या गल्लीत आला. पाणी आणतो, रोज आणतो, दारात आणतो, असं त्याचं चाललं होतं. ही पुढं उभी. तिनं मूठ वर केली आणि फिरवली. सगळी गल्ली हसली. त्याला वाटलं ही आपल्याला पाठिंबा देते आहे. त्यानंही मूठ वर केली.

तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल. असली तर तिचा त्रासही तुम्हाला माहीत असेल. माझ्या घरात येऊन ती आधी मोरीत डोकवायची आणि मग बस म्हणायच्या आत बसायची.

तिला एकच मुलगा. पुण्यात नोकरी, तिथंच बायको, लेकरं. बापानं घर त्याच्या नावावर केलं होतं, कारण त्याच्याशिवाय होतं कोण. नवरा गेल्यावर ती एकटीच राहायची. मग एका उन्हाळ्यात मुलगा आणि सून आले आणि घर विकायचं ठरलं. मुलानं तिला सांगितलं, आई, पुण्याला मोठा फ्लॅट घेतोय, त्यात तुझी वेगळी खोली.

ती माझ्याकडे धावत आली. आनंद झाला होता की भीती वाटत होती, हे तिलाच कळत नव्हतं. म्हणाली, "अक्का, तिथं म्हणे रोज पाणी येतं. सकाळ-संध्याकाळ." मी म्हटलं, येत असेल.  ती म्हणाली, "रोज पाणी आल्यावर माणूस दिवसभर करतं काय?"

पुढं महिनाभर तिनं भाजीवाल्यापासून किराणा दुकानदारापर्यंत सगळ्यांना त्या खोलीचं सांगितलं. खोलीला खिडकी पूर्वेला आहे, एवढंसुद्धा तिनं स्वतःच्या मनानं ठरवून टाकलं.

मग एजंट आला. डोळ्यावर काळा चष्मा, बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. सगळ्या घरातून फिरला आणि म्हणाला, "घर मोकळं दिसलं पाहिजे. पार्टीला वाटलं पाहिजे की अपने लिएच बना है." मला तो माणूस पहिल्या दिवशी आवडला नाही आणि नंतरही आवडला नाही, पण त्याचं काम तो जाणून होता. त्यानं भिंतीची ओल खरवडून वर पुट्टी लावली. ओल काही कुठं गेली नाही, पुट्टीच्या आत बसली. पडदे आणले. काचेच्या वाडग्यात प्लास्टिकची लिंबं ठेवली. ती म्हणाली, खरी ठेवा की, सरबत तरी होईल. कोणी ऐकलं नाही.

तिच्या पलंगामागच्या भिंतीला डोक्याच्या तेलाचा डाग होता, ताटाएवढा. त्यावर तीन हात रंग दिला. मग पलंगच नको म्हणाले. पलंग, ट्रंक, टिपाडं, घंगाळ, जातं, सगळं उचलून माझ्या घरी आणून ठेवलं. मुलगा म्हणाला, काकू, थोडे दिवस राहू द्या, घर गेलं की नेतो. माझा नवरा आधीच वारलेला, दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, मागची खोली रिकामीच होती. मी ठेवलं.

देव्हाऱ्याला हात लावू का, असं सुनेनं विचारलं. एजंट म्हणाला, "देव राहू द्या. देवानं घर चांगलं वाटतं. आजी दिसायला नको. म्हातारी दिसली की घर म्हातारं दिसतं."

हे तो तिच्यासमोर बोलला. मुलगा भिंतीकडे बघत होता. रंग वाळला का ते बघत असेल.

एजंटचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे नळ. या शहरात घर घ्यायला येणारा माणूस हॉल बघत नाही, आधी नळ सोडून बघतो. पार्टी यायच्या आधी एजंट टँकर आणून टाकी काठोकाठ भरायचा आणि पार्टी आत आली की घरातले सगळे नळ एकदम सोडायचा. म्हणायचा, "नळ चालू तो सौदा चालू."

पहिल्यांदा पार्टी आली तेव्हा तिला माझ्याकडे पाठवलं होतं. आम्ही चहा पीत होतो. मधल्या भिंतीतून पाण्याचा आवाज यायला लागला. तिनं कप खाली ठेवला. मी म्हटलं, बस गं, त्यांचं ते बघतील. ती बसली. आवाज थांबेना. तिचा पाय हलायला लागला. मग उठलीच आणि चपला न घालता गेली. मी तिच्या मागं.

स्वयंपाकघरात नवरा-बायको उभे होते. तिनं त्यांच्या मधून हात घालून नळ बंद केला. मग न्हाणीतला केला. मग अंगणातला केला. आणि पदराला हात पुसत त्या बाईला म्हणाली, "आज आमच्या गल्लीचा दिवस नाय. हे टँकरचं हाय. दिवस लई लांब हाय अजून."

तिला कोणाचं नुकसान करायचं नव्हतं. दुसऱ्याच्या लेकराला नाक पुसायला सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

पार्टीनं विचारलं, ह्या कोण? एजंट हसून म्हणाला, "शेजारच्या आजी आहेत. जरा असंच आहे," आणि कपाळाला बोट लावलं.

मुलगा तिथं उभा होता. माझी आई आहे, एवढे तीन शब्द. त्यानं ते म्हटले नाहीत. मी अजून विसरले नाही आणि विसरणारही नाही.

संध्याकाळी भिंतीपलीकडून मुलाचा आवाज येत होता. तुला कळत नाही का, किती कष्टानं पार्टी आणली, तुला पुण्याला यायचंय की नाही. खूप वेळ तो बोलत होता. ती एकदाच बोलली. "पाणी चालू होतं," म्हणाली.

म्हणून पुढच्या वेळी तिला माझ्याकडे न पाठवता गच्चीवर पाठवलं आणि कडी लावली. माझ्याकडून ती परत येऊ शकत होती. गच्चीवरून येऊ शकत नव्हती. हे कोणाच्या डोक्यातून निघालं ते मला माहीत नाही. कडी लावणारा हात मुलाचा होता, एवढं पुरे.

तर त्या दुपारी मी खाली जाऊन तांब्याभर पाणी आणलं, घमेलं पालथं घातलं, त्यावर चढले आणि भिंतीवरून तिला तांब्या दिला. ती अर्धं पाणी प्यायली आणि उरलेल्यात टॉवेल भिजवून डोक्यावर घेतला. चेहरा लाल झाला होता. मी म्हटलं, "मी आत्ता जाऊन दार वाजवते. पार्टीसमोर विचारते त्याला."

"नको, अक्का," ती म्हणाली. "एकदा विकलं की झालं. मग मी पुण्याला."

तेवढ्यात टाकीच्या पाइपातून आवाज सुरू झाला. खाली नळ सोडले होते. ती टाकीला टेकून बसलेली, आवाज तिच्या पाठीतून जात असणार. तिनं दोन्ही हात काखेत घातले. मी बघत होते. देवळात नाचणाऱ्याच्या अंगात यायला लागावं तसं तिचं झालं होतं. हात काखेतून निघाले, परत गेले. पाणी वाहतच होतं. खाली ते लोक चहा पीत असणार, आणि नळ दाखवण्यासाठी सोडलेले होते, कोणी हातसुद्धा धूत नसणार.

शेवटी ती उठली. माझ्याकडे चोरासारखं बघितलं. "थोडंच बंद करते," म्हणाली आणि टाकीचा कॉक फिरवला. थोडा नाही, पूर्ण फिरवला. तिला थोडं बंद करता येत नव्हतं.

खाली एकदम शांत झालं. मग जिन्यावर पावलं वाजली. पार्टीतली बाई विचारत होती, ह्या दाराला कडी का? मुलगा म्हणाला, "वानरं येतात."

कडी निघाली. दारात एजंट, मुलगा आणि या नव्या पार्टीचे नवरा-बायको. समोर ती, कॉकवर हात ठेवून, डोक्यावर ओला टॉवेल.

"ह्या कोण?" बाईनं विचारलं.

एजंटनं शेजारच्या म्हणायला तोंड उघडलं. पण शेजारच्या बाईला कोणी स्वतःच्या गच्चीवर कोंडत नाही, हे त्याच्याही लक्षात आलं.  मी भिंतीपलीकडून सांगितलं, "आई आहे त्याची. घर तिनंच बांधलंय."

मला वाटलं, आता ती बाई काहीतरी बोलेल. तिचीही आई असेल, सासू असेल. बोलली. नवऱ्याकडे बघून म्हणाली, "मग ह्या राहणार कुठं? आपल्याला घर रिकामं मिळणार ना?"

एजंट लगेच म्हणाला, "शंभर टक्के, मॅडम. आजींची सोय केली आहे वृद्धाश्रमात. सगळं बोलून झालंय. ह्याच महिन्यात जातायत."

ती मुलाकडे बघत होती. "पुणं?" एवढंच तिनं विचारलं.

मुलगा म्हणाला, "आई, खाली चल. ऊन फार आहे."

ऊन त्याला तेव्हा लागलं. त्याआधी ते नव्हतं.

 ती कॉककडे वळली आणि तो उलटा फिरवला, जेवढा फिरतो तेवढा. पाइपातून पुन्हा आवाज सुरू झाला. "बघा तुमचं पाणी," ती म्हणाली आणि त्या सगळ्यांच्या मधून जिना उतरून गेली. मी माझ्या जिन्यानं खाली पळाले. ती न्हाणीवरून गेली असणार, स्वयंपाकघरावरून गेली असणार, अंगणातल्या नळाशेजारून तर मी तिला जाताना बघितलंच. नळ चालू होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

इतक्या वर्षांत तिनं वाहता नळ सोडून दिला तो तेवढाच.

ती माझ्या घरात आली, मागच्या खोलीत गेली आणि आपल्या पलंगावर बसली. पलंग तिथंच होता ना. टँकरचं पाणी संपेपर्यंत भिंतीपलीकडून आवाज येत राहिला. ती ऐकत बसली होती. मी तिला मिठाचं पाणी प्यायला दिलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं. रात्रीपर्यंत अंग तापलेलं होतं. मला वाटलं, जाते ही. गेली नाही.

घर त्याच पार्टीनं घेतलं. लोकांना असल्या गोष्टींनी काही फरक पडतो असं समजू नका.

काही दिवसांनी मुलगा रिक्षा घेऊन दारात आला. म्हणाला, काकू, आईला न्यायला आलोय, तिकडे चांगली व्यवस्था आहे, डॉक्टर येतो, भजन असतं. मी म्हटलं, ने की. तिला विचार. तिनं आतून विचारलं, "सामान कुठं हाय माझं?" मी म्हटलं, इथंच आहे, त्यांनीच आणून ठेवलं. ती म्हणाली, "मग मी बी इथंच हाय." रिक्षावाला थोडा वेळ थांबला आणि गेला. मुलगाही गेला. जाताना त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मी बघितली. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, तरी दिसली.

मी काही फार मोठं केलं असं कोणी म्हणू नये. पलंग होता, खोली होती, भाकरी दोघींपुरती होतच होती. आणि ती काही गुणाची पाहुणी नव्हती. माझ्या अंगावर दोन तांबे जास्त पडले तर बाहेरून दार वाजवायची. माझ्या मुली माहेरी आल्या की त्यांना आंघोळीआधी तोंडी परीक्षा द्यावी लागायची. केस धुणार का, किती केस धुणार. आम्ही दोघी आठवड्याला एकदा तरी भांडायचो. पुण्याचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. शेजारच्यांचा नळ गळायला लागला की मात्र तिची झोप उडायची. मी सांगायची, तुझं घर नाही आता ते. ती म्हणायची, "घर नाय, पण पाणी तर हाय."

काही वर्षांनी ती अंथरुणाला खिळली. मुलाला मी कळवलं. आला. पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसला आणि बोलायला लागला. फ्लॅट किती लहान निघाला, हप्ते किती, लेकरांच्या शाळा, बायकोची पाठदुखी, आपण न्यायला तयारच होतो पण. बोलता बोलता रडायला लागला. मलाही क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिनं डोळे उघडले नाहीत. उजवा हात गोधडीतून बाहेर काढला, थोडा उचलला आणि मूठ फिरवली.

त्याला कळलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाला, "काकू, आईला पाणी पाहिजे का?"

मी म्हटलं, "नाही. बंद कर म्हणते."

तो पावसाळा तिनं काढला, पुढचा नाही.

परवा तोच एजंट माझ्या दारात आला होता. आता केस पांढरे झालेत, चष्मा साधा. मला ओळखलं नाही. काकू, एवढं मोठं घर एकटीला कशाला, चांगली पार्टी आहे, म्हणाला. मागच्या खोलीत डोकावला. पलंगामागच्या भिंतीवर तेलाचा डाग होता. म्हणाला, हे एवढं रंगवून घ्यावं लागेल. मी त्याला दारापर्यंत पोचवलं आणि दार लावलं. कडी आतून लावली, माझ्या हातानं.

त्या दुपारी उन्हात आम्ही दोघी होतो. तिच्या गच्चीवर ती, माझ्या गच्चीवर मी. आता मी आहे.